बंद कोडवरचा निरोप

कोडताईंचं सकाळचं पहिलं काम ठरलेलं: पोर्टलवरचा एक जुना धडा कोणी उघडला का ते बघणं. चहा त्यानंतर, आणि माझ्याशी बोलणं तर फारच नंतर.

आमचं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल अख्ख्या देशाचं, पण चालतं तीन खोल्यांतून. त्यातल्या शेवटच्या खोलीत आम्ही दोघं. शाळेच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या डोक्यावर चौकोनी कोड छापलेला असतो. त्यावर मोबाईल धरला की धडा उघडतो. लोक म्हणतात, त्यात काय एवढं? अहो, छापलेलं पुस्तक परत बोलावता येतं का? ते थोरल्याकडून धाकट्याकडे जातं, रद्दीतून भलत्याच घरी पोचतं. कोड मात्र तोच राहतो. तो कधीही उघडला तरी पलीकडे धडा हजर पाहिजे, हे बघणं ताईंच्या अंगावर होतं, म्हणून त्या 'कोडताई'. नळाला पाणी आलं की पाणी सोडणाऱ्याची कोणी आठवण काढत नाही, तसं हे काम. त्यांनी केलेलं मी तपासतो. म्हणून मला सगळे 'किरकिर' म्हणतात. म्हणोत बापडे.

ताई बघायच्या तो धडा पहिलीचा. नाव 'मी हरवले तर'. पोर्टल सुरू झालं तेव्हा, म्हणजे कोड यायच्याही कितीतरी आधी, आवाज द्यायला मुलं मिळेनात, म्हणून आम्ही आपापल्या घरची पोरं धरून आणली. माझ्या पुतण्याने माइक बघूनच भोकाड पसरलं. ताईंची लेक मात्र, पुढचे दोन दात पडलेले असताना, एका दमात बोलली: "मी हरवले तर घाबरणार नाही. मला आमच्या घरचा फोन नंबर पाठ आहे."

ती मोठी झाली, परदेशी गेली, तिकडचीच झाली. वडील गेल्यावर म्हणाली, "आई, घर बंद कर आणि इकडे ये." ताई म्हणाल्या, "घर बंद केलं तर तू यायचं कुठे?" शब्दाने शब्द वाढला. फोन आधी कमी झाले, मग थांबलेच. मी एकदा ताईंकडे गेलो होतो. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांची चळत. कोपऱ्यात जुना, तारेचा फोन. "हा डबा कशाला ठेवलाय अजून?" मी विचारलं. तर म्हणाल्या, "तिला तोच नंबर पाठ आहे."

आणि गेल्या वर्षी गंमत झाली. पुस्तक बदललं होतं, तो धडा कोणी शिकवत नव्हतं, तरी तो रोज एकदा उघडू लागला. कुठून उघडला ते आम्हाला नकाशावर ठिपक्याने दिसतं. ठिपका लेकीच्या देशात होता.

"ऐकते हो ती," ताई म्हणाल्या. "बोलत नाही, पण रोज ऐकते."

बाई पार बदलल्या. नवा चष्मा घेतला, डबा माझ्याबरोबर खाऊ लागल्या. तो धडा स्वतः मात्र कधी उघडत नसत. आपल्यामुळे मोजणी बिघडायला नको म्हणून. मलाही बरं वाटत होतं, पण ते दाखवायची मला सवय नाही.

मग वरून हुकूम आला: जुन्या पुस्तकांचे जे कोड वर्षभर कोणी उघडले नसतील ते बंद करा. मी मोजणी काढली आणि चक्रावलो. एक पुस्तक तर कधी छापलंच गेलं नव्हतं, पण त्याचेही कोड रोज एकदा उघडत होते. त्याच देशातून! पुस्तकच नाही, तर उघडतंय कोण?

उघडत होतं आमचंच यंत्र. रोज सकाळी प्रत्येक कोड चालू आहे ना, हे उघडून बघणारं. गेल्या वर्षी ते काम परदेशातल्या भाड्याच्या यंत्रावर गेलं, आणि त्याची फेरी आमच्या मोजणीत माणूस म्हणून लागू लागली. पोर्टलवरच्या यच्चयावत धड्यांवर तो ठिपका होता. ताईंनी बघितला तो एकाच धड्यावर.

सांगणं भाग होतं. "ताई, तो ठिपका तिचा नाही. आपलं तपासणीचं यंत्र आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ते यंत्र मीच भांडून मागून घेतलं होतं," म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं मला बघवेना. मी खेकसलोच, "मग लावा ना तिला फोन! हट्टाला काही सीमा?"

त्यांनी खरंच लावला. खोली इतकी लहान की पलीकडचंही ऐकू येत होतं.

"आई? काय झालं?"

"काही नाही गं. तुझा तो धडा बंद होतोय."

"कुठला धडा?"

"लहानपणी बोलली होतीस तो. मी हरवले तर."

"मी? आठवत नाही गं. आई, मी कामात आहे. तू बरी आहेस ना? नंतर करते हं."

"बरी आहे," ताई म्हणाल्या. पलीकडून फोन आधीच ठेवलेला होता.

यंत्राच्या फेऱ्या वजा केल्या तर त्या धड्याला वर्षभरात एकही माणूस फिरकला नव्हता. मी म्हटलं, "एक राहिला चालू, तर आभाळ कोसळत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा," त्या म्हणाल्या आणि तो कोड त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. त्या दुपारी डबा उघडला नाही. मला लेकीचा राग आला, यंत्राचा आला, माझाही आला.

बंद कोडवर कोरा पडदा दिसून चालत नाही. तिथे एक निरोप टाकावा लागतो: 'हा धडा बंद झाला आहे. अडचण असल्यास या क्रमांकावर फोन करा.' खाली हेल्पलाइनचा नंबर. ताई टाकतात, मी तपासतो. शेकडो कोड, निरोप एकच. दुसरा कोणी असता तर डोळे झाकून पुढे गेला असता. पण मी किरकिर.

त्या एका कोडखाली हेल्पलाइनचा नंबर नव्हता. कोपऱ्यातल्या त्या तारेच्या फोनचा होता. सुट्टीच्या दिवशी ताई मोबाईल बंद ठेवतात, म्हणून कामासाठी मी तो इतक्या वेळा फिरवलाय की मलाही पाठ आहे.

ताई समोर बसून पुढच्या पुस्तकाचे कोड बघत होत्या.

"झालं का तपासून?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "एकही चूक नाही."