मुठीत राहिलेल्या आठ बिया

आमच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही. गेटजवळ लोखंडी कप्पे आहेत, तिथं तो कुलपात ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बघायचा. त्या दिवशी कप्पा उघडला तर घरमालकीण काकींचे सहा फोन येऊन गेलेले. काकी मला कधी फोन करत नाहीत. माझी खोली त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला, हाक मारली की ऐकू जातं. मी लगेच उलटा फोन लावला. त्यांच्या पुतण्यानं उचलला. "सुलक्षा गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणाले... अशा वेळी कुणी बरं म्हणतं का? पण तेच तोंडातून गेलं. फोन कप्प्यात ठेवला, कुलूप लावलं, डबा न उघडताच पिशवीत टाकला आणि लाईनवर जाऊन खोकी भरायला लागले. सुट्टीची पंधरा मिनिटं अजून बाकी होती.

सुलक्षा ही काकींची एकुलती एक मुलगी. एकवीस वर्षांची. गोव्यातल्या आमच्या तुयेहून बसनं म्हापशाला कॉलेजला जायची, सिनेमा करायला शिकत होती. साध्या तापाचं निमित्त झालं, सहाव्या दिवशी संपलं. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी, चंदगड तालुक्यातली, सातवीत शाळा सुटलेली. कामाला म्हणून इथं आले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. तीन घरांतून परत आले होते. चौथ्या घरी काकी अंगणात काजूबिया वाळत घालत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. "पेज जेवतलें मगो?" एवढं विचारून आत बोलावलं. त्या दिवसापासून त्या घराला न आवडेल असं आपल्या तोंडून काही जाऊ नये, याची मला सतत धास्ती असायची. नळ जोरात सोडायलासुद्धा भ्यायची मी.

शेवटच्या वर्षाला सुलक्षाला एक छोटा सिनेमा करून द्यायचा होता. पंधरा मिनिटांचा. एक दिवस माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मंगलबाय, तुमच्या कारखान्यातल्या बायांचेर करूं?" मग रोज थोडं थोडं विचारायची. असंच एकदा विचारलं, बाबा गेल्याचं तुला कसं कळलं? मी सांगितलं, भावाचा फोन आला, मी तिथंच गेटजवळ खाली बसले, हंबरडा फोडला, बाकीच्या बायकांनी धरून उठवलं. ती वहीत लिहून घेत होती. तिचे डोळे भरले. सिनेमा त्याच्यावरच बेतला तिनं. नायिकेचं काम तिच्या वर्गातल्या एका मुलीनं केलं आणि तो रडायचा सीन त्या पोरीनं अगदी जीव तोडून केला.

खरं म्हणजे मी रडले नव्हते. भाऊ म्हणाला बाबा गेले, तर मी विचारलं, म्हशीची धार काढली का? आणि परत आत जाऊन पाळी संपेपर्यंत खोकी भरली. एकाही खोक्यात चूक झाली नाही. गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिथंही डोळ्याला पाणी आलं नाही, आणि बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हे सुलक्षाला कसं सांगायचं? तिला काय वाटलं असतं, ही कसली मुलगी... म्हणून तिला हंबरडा दिला.

सिनेमा जोडून झाल्यावर एका रविवारी तिनं आम्हा सहाजणींना घरी बोलावलं. पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे, चहा. लॅपटॉपवर सिनेमा दाखवला आणि हातात एकेक कागद दिला. काय आवडलं, काय बदलावं, ते लिहायचं होतं. सगळ्यांनी लिहिलं, छान आहे. एकीनं शेजारणीचं बघून लिहिलं. बेळगावकडची शांताक्का लिहायला कंटाळते, तिनं कागदावर फूल काढून दिलं. सुलक्षानं ते सहा कागद पुन्हा पुन्हा चाळले आणि म्हणाली, "उंडे खाल्ल्यात म्हणून छान म्हणतात सगळ्यो."

पुढच्या रविवारी कागद नव्हते. अंगणातल्या काजूबिया तिनं प्रत्येकीला आठ आठ मोजून दिल्या आणि मधोमध जर्मनचा टोप ठेवला. कंटाळा आला, किंवा हे खोटं आहे असं वाटलं, की एक बी टोपात टाकायची. बोलायचं नाही, लिहायचं नाही. आतून काकी ओरडल्या, "बियो मागीर परत दी गो, विकपाच्यो आसात त्यो!" सुलक्षा पडद्याकडं पाठ करून आमच्याकडं तोंड करून बसली. शेजारी तिचा फोन टोपाचा आवाज टिपत होता.

तेरेखोलच्या नदीवरचा सूर्यास्त आला. त्यासाठी ती दोनदा फेरीबोटीतून पलीकडं गेली होती, तिच्या सरांनी त्याचं कौतुक केलं होतं. टण, टण, टण... शांताक्कानं तर दोन टाकल्या. मग तो रडायचा सीन आला, आणि टोप वाजतच राहिला. माझ्या सोडून सगळ्यांच्या बिया पडल्या.

नंतर सुलक्षानं विचारलं, तर बायका मोकळ्या झाल्या. शांताक्का म्हणाली, "फोनवर कोण एवढं रडतंय गं? अन् रडायला सुपरवायझर सोडतोय व्हय? आधी आत जाऊन हजर व्हायला लागतंय." सगळ्या हसल्या. प्रत्येकीला कधी ना कधी तसा फोन आलेला होता. सुलक्षानं मग माझी मूठ उघडली. आठच्या आठ बिया, घामानं ओल्या झालेल्या.

"मंगलबाय, तुका एकदाय खोटें दिसलें नाय?"

"चांगलं झालंय की," मी म्हणाले.

"मार्क सर दितले गो. तुजेकडल्यान माका मार्क नाका, खरें जाय."

तिला माझ्याकडून खरं हवं होतं. मी चहाचे कप गोळा करून धुवायला नेले.

त्या आठवड्यात तिनं सूर्यास्त कापला. कापताना रडली, असं काकी सांगत होत्या. पण कापलाच. टोपाचे आवाज ती सिनेमाबरोबर लावून ऐकायची, आणि जिथं टण व्हायचं तिथं थांबून वहीत लिहायची. रडायचा सीन तिनं निम्मा केला, पण त्याच्या जागी काय हवं ते तिला सापडत नव्हतं. कसं सापडणार? ते माझ्याकडं होतं.

तिसऱ्या रविवारी नवा सिनेमा दाखवला. सूर्यास्त गेला होता, त्यामुळं सगळं कसं घट्ट झालं होतं. बायका पुढं सरकून बघत होत्या. रडायचा सीन आला आणि माझा हात आपोआप पुढं गेला. टण. एकच बी. सुलक्षानं बघितलं, आणि असं हसली की मला वाटलं हिला बक्षीस मिळालं. बायका गेल्यावर माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. "आता सांग." मी सगळं सांगितलं, म्हशीची धारसुद्धा. ती कोरड्या मनाची म्हणेल, दगड म्हणेल, असं वाटत होतं. ती म्हणाली, "तुजे हात घेवया. खोकी भरतले नुसते हात. तोंड दाखोवपाचेंच नाय. येत्या आयताराक शूट करूं." गुरुवारी तिला ताप भरला.

महिन्याभरानं तिच्या वर्गातल्या मुलांनी कॉलेजात तिचा सिनेमा दाखवायचं ठरवलं. त्याआधी रोहन नावाचा तिचा मित्र लॅपटॉप घेऊन घरी आला. काकी-काका, शेजारचे, आम्ही सहाजणी. सवयीनं कुणीतरी टोप मध्ये ठेवला होता, बिया वाटल्या होत्या. एकही बी पडत नव्हती. गेलेल्या पोरीच्या सिनेमाला कोण बी टाकणार? रडायचा सीन आला. मी टाकली. त्या शांततेत तो आवाज एवढा मोठा झाला की काकांनी वळून बघितलं. रोहननं सिनेमा थांबवला. मी बोलायला तोंड उघडलं तोच काकी म्हणाल्या, "आज तरी रावूंदी, मंगल. तिणें केल्लो तसोच आसूंदी." त्यांनी हात जोडले नव्हते, पण आवाज तसा होता. सिनेमा कॉलेजात तसाच दाखवला. त्या सीनला सगळं सभागृह हुंदके देत होतं. शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिच्या आईवडिलांसाठी ते बरंच झालं, असं मी मनाला समजावत होते. पण बसमध्ये परत येताना माझ्याच्यानं राहवेना. सगळे ज्याच्यासाठी रडले ते माझं खोटं होतं, आणि आता ते तिच्या नावावर राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी मला दुपारची पाळी होती. सकाळी काकींकडं गेले. त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, काकी, बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते, सुलक्षाला मी खोटं सांगितलं, तिला ते शेवटी कळलं होतं आणि ती बदलणार होती. खोली सोडायला सांगितली असती तरी चाललं असतं मला त्या क्षणी.

काकींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "हांव तिका पेज करूंक घरा आयिल्लीं. तांदूळ धुयताना हॉस्पिटलातल्यान ह्यांचो फोन आयलो. आयकलें... फोन ठेयलो, आनी उरिल्ले तांदूळ धुले. दोन पाण्यांनी. चुलीर घातले. दोळ्यांत एक थेंब नाय, मंगल. कोणाक सांगूंक नाय आजून."

त्या उठल्या. फळीवरचा टोप खाली काढला, डब्यात उरलेली एक बी घेतली आणि टाकली. टण. म्हणाल्या, "रोहनाक फोन लाय."

रोहन येत्या रविवारी कॅमेरा घेऊन येतोय. कारखान्यात परवानगी मिळाली नाही, म्हणून खोकी माझ्या खोलीतच मांडायची आहेत. काकीही म्हणाल्यात, त्यांचे हात हवे असतील तर त्या सुपासकट बसतील. या वर्षीच्या बिया कधीच विकून झाल्या, अंगण रिकामं आहे. टोप मात्र फळीवर नाही गेला परत. चुलीशेजारी तसाच आहे, आत ती एक बी. काकी रोज भोवतीनं पुसून घेतात, टोप न हलवता.