टायरची कड

कोल्हापुरात रविवारी सकाळी महागड्या मोटरसायकली घेऊन निघणाऱ्यांचा एक ग्रुप होता आणि काही काळ मीही त्यात होते. बाकी सगळे पुरुष. सोन्याच्या दुकानांचे वारस, दोन-तीन बिल्डर, एक दंतवैद्य. म्होरक्या होता फरशांच्या शोरूमचा मालक. गगनबावड्याला जायचं, भजी खायची, चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. पण खाण्यापेक्षा जास्त वेळ ही माणसं एकमेकांच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसलेली असायची.

त्याचं कारण असं. वळणावर गाडी जितकी कलते, तितका टायर कडेकडेनं रस्त्याला लागतो आणि घासतो. जो बिचकत वळतो त्याच्या टायरची कड कोरी राहते. त्यामुळे कोणाची कड किती घासली यावरून त्या ग्रुपात माणसाची किंमत ठरायची. चांगली शिकलेली, पोराबाळांची माणसं चहाचा कप हातात धरून रबरावरून बोट फिरवायची आणि हळहळायची, "अजून बोटभर राहिलंय राव." म्होरक्याचा टायर मात्र कायम शेवटपर्यंत घासलेला. तो तपासायला बसायचा नाही. तो उभा राहून इतरांना बसलेलं बघायचा.

मी गारगोटीच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. कोल्हापुरातून रोज जाऊन-येऊन, आणि तेही तसल्याच गाडीवर, जसली हे लोक आठवडाभर कव्हरखाली झाकून ठेवतात. ऊसतोडीच्या दिवसांत त्या रस्त्यावर ट्रॅक्टर असतात, त्यांच्या चाकांनी आणलेला चिखल असतो, पाचट असतं. सरळ रस्त्यावर रोज चालवून माझा मागचा टायर मधोमध चपटा झाला होता. असा टायर वळणाला आधी अडतो आणि मग एकदम कलंडतो. नवीन जोडी घ्यायची वेळ आली होती.

दुकानात गेले तर दुकानदारानं माझ्या पाठीमागं बघितलं.

"साहेब न्हाय आलं संगं?"

"साहेबांचं काय काम? टायर मला पाहिजेत."

"स्कूटरचं तिकडं हायत बघा ताई."

मी बाहेर उभी केलेली गाडी दाखवली. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं आणि लगेच सर्वांत मऊ टायर ओढून काढला. "ह्यो घ्या. डिंकागत चिकटतोय रस्त्याला."

"रोज गारगोटीला जाते. किती टिकेल?"

"टिकायचं काय घेऊन बसलाय? ग्रिप बघा की!"

मी म्हटलं, ग्रिपही पाहिजे आणि टिकायलाही पाहिजे. झालं, त्यानं दुसरं टोक गाठलं. दगडासारखा कडक टायर समोर आपटला. "मग ह्यो न्या. नातवंडं वापरतील." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मला हवा होता मधला प्रकार: मधला पट्टा कडक रबराचा, म्हणजे सरळ रस्त्यावर लवकर झिजत नाही, आणि दोन्ही बाजू मऊ, म्हणजे वळणाला धरून राहतात. शिवाय पाणी बाजूला काढायला पुरेशा खाचा. तसला टायर त्याच्याकडे नव्हता. "त्याला गिऱ्हाईक न्हाय," म्हणाला. रोजच्या रस्त्यावर चालवायच्या वस्तूला गिऱ्हाईक नाही, हे तो अभिमानानं सांगत होता. मी ऑर्डर देऊन मागवला.

पुढच्या रविवारी म्होरक्यानं माझे टायर बघितले. बघितले म्हणजे बुटाच्या टोकानं ढोसले.

"मॅडम, हे तर प्रवासी टायर. पिशवी अडकवायची आणि मंडईला जायचं."

"मंडईलाही जाते," मी म्हटलं.

सगळे हसले. दंतवैद्यही हसला, पण आधी म्होरक्याकडे बघून घेतलं आणि मगच. स्वतः म्होरक्यानं नुकतेच शर्यतीच्या मैदानावरचे टायर चढवले होते. जवळजवळ गुळगुळीत, नावापुरत्या दोन-चार खाचा. तसले टायर नीट तापले तरच रस्ता धरतात. गगनबावड्याच्या धुक्यात आणि ओल्या रस्त्यावर ते तापणार कधी? हे मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "थिअरी वर्गात शिकवा."

पावसाळा सरत आला होता. त्या दिवशी घाटमाथ्याच्या अलीकडे धुकं होतं, रस्ता ओला होता, पाऊस थांबलेला. म्होरक्या पुढे, मी त्याच्या मागे, बाकीचे माझ्या मागे. एक साधं उजवं वळण आलं. साखर कारखान्याची बस जिथून रोज आरामात वळते, तसलं. त्याची गाडी जेमतेम कलली आणि मागचं चाक सरकलं. वेग फारसा नव्हताच. गाडी आडवी होऊन गवतात गेली आणि तो बसल्या जागी घसरत तिच्या मागोमाग.

आम्ही थांबलो. समोरून दुधाचा टेम्पो येत होता, तोही थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "पावणं, लागलं न्हाय न्हवं?"

लागलं नव्हतं. कोपर खरचटलं होतं आणि पँट मागून फाटली होती. म्होरक्या उठला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "शेण होतं रस्त्यावर."

टेम्पोवाल्यानं रस्ता बघितला. आम्ही सगळ्यांनी बघितला. धुतल्यासारखा स्वच्छ डांबरी रस्ता. टेम्पोवाला गिअर टाकून निघून गेला.

बाकीचे त्याची पाठ झटकत होते, शेणाला शिव्या देत होते. मी गाडी उचलायला म्हणून वाकले. दोन्ही चाकं माझ्या डोळ्यांसमोर होती. मागच्या टायरच्या कडेवर बारीक ओरखडे होते, उभे, आडवे, गोल, जसे भांडं घासल्यावर उठतात. रस्ता असा गोल गोल घासत नाही. आणि पुढच्या टायरच्या कडेला नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस जसेच्या तसे होते. या माणसानं घरामागं बसून पॉलिश पेपरनं टायर घासला होता, आणि पुढचं चाक घासायचा कंटाळा केला होता.

मला राग आला नाही. पाय न धुता कोणी गादीवर चढलं की वाटते तसली शिसारी आली.

"पुढच्या चाकाला अजून केस आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "तुमचं मागचं चाक एकटंच वळतं का?"

दंतवैद्याला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. म्होरक्या लाल झाला, म्हणाला, "मॅडम, माणूस पडलाय, आणि तुम्ही चेष्टा करताय?" लगेच चार जण त्याच्या बाजूनं बोलू लागले. मी हेल्मेट घातलं आणि एकटी पुढे गेले. भजी खाल्ली. चांगली गरम होती.

संध्याकाळी ग्रुपवर त्याचा फोटो आला, कोपराला पट्टी बांधलेला. रस्त्यावरच्या शेणाबद्दल संतापाचा मजकूर, खाली नमस्काराची आणि वाघाची चित्रं. थोड्या वेळानं मला ग्रुपातून काढलं.

दोन दिवसांनी दंतवैद्याचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. तसं बघायला गेलं तर आम्ही सगळेच थोडं थोडं घासतो."

"सगळे?"

"म्हणजे... बाहेर दिसायला बरं दिसतं."

मग विषय बदलून त्यानं विचारलं, "तुमचे ते टायर कसे आहेत? मीही घ्यावेत म्हणतोय."

"रोज कुठं जाता त्यावर आहे. कामावर किती लांब जाता?"

तो जरा अडखळला. "दवाखाना घराच्या खालीच आहे," म्हणाला.