कपाटातला दत्त

घोडेगावच्या बाजारतळाजवळ एक फ्रेमवाला आहे. त्याचा मला इतका हेवा वाटायचा की त्याच्या दुकानावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवायचो. मी नगरच्या शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक. गेली तीस वर्षं मी जुनी शिळाछाप चित्रं जमवतोय, म्हणजे दगडावर रेखाटून एकेका रंगाचा वेगळा छाप देऊन काढलेली. त्यासाठी गावोगाव हिंडलो, कुत्री अंगावर घेतली, परक्या ओट्यांवर नको तितका चहा प्यायलो. आणि हा गृहस्थ नुसता स्टुलावर बसून असायचा. चित्रं आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत यायची.

कारण साधं होतं. देवाच्या तसबिरीची काच तडकली की आपल्याकडे ती घरात ठेवत नाहीत. लोक त्याच्याकडून नवी चकचकीत तसबीर नेत आणि जुनी तिथेच सोडून जात. शिळाछाप कशाला म्हणतात हेही त्याला ठाऊक नव्हतं, याचा मला जास्त राग यायचा.

तिथल्याच एका शेतकऱ्याच्या घरी असाच एक जुना शिळाछाप दत्त होता. पूर्वी कुणा बाईनं त्याच्या मुकुटांवर बारीक टिकल्या आणि जरीचा धागा शिवलेला. तीन वर्षं मी त्या घरी खेटे घातले. "देव इकत न्हाईत, सर," एवढंच तो शेतकरी म्हणायचा.

मग एका बाजाराच्या दिवशी तोच दत्त मला फ्रेमवाल्याच्या भिंतीवर दिसला. तडकलेली काच काढून टाकलेली आणि तिन्ही कपाळांवर ओलं गंध. इतक्या जुन्या कागदावर ओलं बोट लावलेलं पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय घ्याल याचे?" मी विचारलं.

"पैसं नगं, सर. मालक हितं ठिवून गेला, तवापासनं रोज दिवा लावतो. तुमी लावनार असाल तर न्या."

"लावेन की," मी म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

घरी आल्यावर कोरड्या कापसानं ते गंध जमेल तेवढं टिपलं आणि चित्र पांढऱ्या कागदात घालून लोखंडी कपाटाच्या कप्प्यात आडवं ठेवलं. उजेडानं रंग उडतात, दिव्याच्या काजळीचं तर नावच नको. दर गुरुवारी फ्रेमवाल्याचा फोन यायचा, "दिवा लावला का?" मी म्हणायचो, "लावला."

दत्तजयंतीला तो न सांगता घरी आला. हातात झेंडूचा हार, खिशात पेढ्यांची पुडी. चपला दाराबाहेर काढून तो एकेक भिंत पाहू लागला. शेवटी मी कपाट उघडून कप्पा ओढला आणि वरचा कागद बाजूला केला.

आता हा मला फाडून खाणार, असं वाटलं. पण तो खाली बसला आणि त्यानं कप्प्याच्या कडेला कपाळ टेकवलं. "लई दिसांनी गाठ पडली," असं म्हणाला, मला नव्हे, दत्ताला. त्याचे डोळे भरून आले होते.

शरम वाटायला हवी होती. आधी वाटला तो हेवाच. इतकी चित्रं जमवली, पण एकाहीसमोर मला कधी असं झालं नाही.

चित्र परत द्या, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तरी मी दिलं नसतं.