गालातली गाठ

आमचे हे वाशीच्या फळबाजारात कामाला आहेत. माल उतरला की चाखून बघायचा आणि शेठला सांगायचं, हे त्यांचं काम. बाजाराची एक रीतच आहे, ज्या पेटीवर मधमाश्या घोंगावतात ती आधी उघडायची, कारण फिक्या फळावर माशी बसत नाही. हे तर त्या पेटीतलं अंजीर उचलून न बघताच तोंडात टाकतात.

गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या डाव्या गालात आतून गाठ आली. वाटाण्याएवढी, कडक. त्याच गालात पूर्वी तंबाखू असायची. मुलगी झाली तेव्हा सोडली, पण आता त्याचा काय उपयोग? आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका असेच गेले.

"काय नाय ग, दात लागला असेल," म्हणत हे पोटभर जेवायचे आणि खुशाल घोरायचे. मी आपली त्यांना उजेडात उभं करून तोंड उघडायला लावायचे. ज्याचं दुखणं त्याला काहीच नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

डॉक्टरांनी विचारलं, "तोंडात काही लागलं, टोचलं होतं का?" हे ठामपणे नाही म्हणाले. मग तंबाखूचा विषय निघाला आणि डॉक्टर गंभीर झाले. गाठ काढून तपासायला पाठवली. ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत.

निकाल सांगताना मात्र डॉक्टर हसत होते. "कॅन्सर नाही. आत मधमाशीच्या नांगीचा तुकडा निघाला. त्याच्याभोवती सूज घट्ट होऊन गाठ झाली. असं क्वचितच बघायला मिळतं. तोंडात माशी चावली होती का?"

"चावली ना, दिवाळीनंतर."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"साहेब, बाजारात माशी रोजच चावते. त्यात काय सांगायचं?"

मी कपाळाला हात लावला. बाहेर गेल्यावर ह्यांची चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून तरातरा जिना उतरले. मागे वळून बघते तर हे पायरीवरच बसलेले, रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होते.

"पोरीची दहावी बघायला मी नसनार, असंच धरून चाललो होतो ग."

मी त्यांच्या शेजारी बसले. घरात घाबरलेली मी एकटीच आहे, असं इतके दिवस समजत होते.