बुधाजीचा खरा कागद

पळसदरीच्या वरच्या वाडीत पाच घरांनी मिळून एक जुनी मोटारसायकल घेतली होती. लायसन एकट्या बुधाजीकडे, म्हणून गाडी त्याच्या नावावर. चावी मात्र आंब्याला ठोकलेल्या खिळ्यावर असे. ज्याला नड, त्याने न्यावी. कोणी नेली हे विचारायचं नाही, ही वाडीची रीत.

हेल्मेट नसल्याचं चलान बुधाजीच्या नावाने आलं. त्या दिवशी तो लोधिवलीला एका बागेत मजुरीवर होता. खोट्याची त्याला लहानपणापासून किळस. बागमालकाकडून तसा कागद लिहून घेऊन तो खालापूरच्या कोर्टात उभा राहिला. मी नव्हतो एवढं सांगितलं की झालं, असं त्याला वाटलं.

न्यायाधीशांनी कागद नीट वाचला.

"मग गाडी कोण चालवत होतं? नाव सांगा."

हा प्रश्न वाडीत कधी कोणी विचारला नव्हता. चलानाच्या फोटोत पाठमोरा धाऊ होता, बुधाजीचा भाचा, बिनलायसनचा. मागे तापाने वाकलेली त्याची बायको चिंधी.

बुधाजीने चलानाची घडी घातली.

"मीच होतो, साहेब."

"म्हणजे हा कागद खोटा?"

"होय. खोटा."

बाहेर धाऊ उभा होता. "सुटलास का रं मामा?"

"नाय. कागद खोटा निघाला."

धाऊ हसला. "तरी मी बोललो होतो, त्या मालकाचा काय भरोसा नाय."

 घरी येऊन बुधाजीने चावी खिळ्याला अडकवली. लोधिवलीच्या बागेत मात्र तो पुन्हा कामाला गेला नाही.