नवऱ्याचा सरळ चष्मा

साथीचे निर्बंध उठले आणि सगळं शहर शाळा सुटल्यासारखं रस्त्यावर आलं. तिला तेव्हा सहावा महिना होता. लोक दारं लावून बसले होते तोवर पोटात काही हालचालसुद्धा जाणवत नव्हती, आणि आता पोर आतून लाथा मारायला लागलं तर जगाने तोंडावरचं फडकं हनुवटीवर ओढलं. हा काय मेळ म्हणायचा!

ती नऊ वर्षं चष्म्याच्या दुकानात होती. हे काम लांबून होत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभरावर वाकायचं, दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, फ्रेम नाकावर टेकवायची आणि काडी कानामागे नीट बसते का ते बोट फिरवून बघायचं. शिंक यायच्या आधी माणसाच्या नाकपुड्या कशा फुलतात, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. नाकपुड्या फुलल्या की ती दोन पावलं मागे. म्हातारे मालक गल्ल्यावरून म्हणायचे, "अगं पोरी, पळतेस काय? माणूस आहे तो, फटाका नाही."

"फटाका परवडला काका. तो आधी सांगून तरी वाजतो."

मुळात ती संशयीच. भाजीवाल्याने तराजूला बोट लावलं की हिने ते पाहिलंच म्हणून समजा. नवरा तिला फौजदारीणबाई म्हणायचा. पण दोन वर्षांपूर्वी, ही साथ यायच्याही आधी, तिसऱ्या महिन्यात एकदा सगळं संपलं होतं, आणि त्यानंतर या स्वभावाला धार चढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कुणाचीच चूक नाही. ते तिला कधीच पटलं नाही. कुणाचीच चूक नाही, असं कुठे असतं? चूक करणारा सापडला नव्हता, एवढंच. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. ही पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

महिना संपेपर्यंत दुकान करायचं आणि एक तारखेपासून सुट्टीवर जायचं, असं मालकांशी ठरलं होतं. राहिला प्रश्न नवऱ्याचा. तो एका बांधकामाच्या कचेरीत नकाशे काढायचा. दीड वर्ष ते घरातल्या जेवणाच्या टेबलापाशी बसून काढले. मग कचेरीने सगळ्यांना परत बोलावलं. पहिल्या दिवशी तो निघाला तेव्हा ही दारात आडवी उभी राहिली.

"मास्क काढायचा नाही. चहा पितानासुद्धा नाही."

"चहा काय कानाने पिऊ?"

"पिऊच नकोस. हे बघ, घरी काही घेऊन आलास आणि बाळाला काही झालं, तर तुझं तोंड बघणार नाही मी."

तो हसला नाही. मान हलवून गेला.

त्या दिवसांत दुकानात एकच गर्दी होती, वाकड्या चष्म्यांची. मास्कची दोरी कानात, चष्म्याची काडीही कानात. दोरी ओढली की काडी फाकते, स्क्रू ढिला होतो, चष्मा एका बाजूला कलतो. दिवसाला वीसेक चष्मे ती सरळ करून द्यायची. काचांवर वाफ बसून बसून पुसल्याचे फराटे असायचे. कोण दिवसभर मास्क घालतो आणि कोण नुसता दारापुरता लावतो, हे चष्मा हातात घेतल्याबरोबर तिला कळायचं.

दर रविवारी सकाळी ती नवऱ्याचाही चष्मा साफ करून, स्क्रू आवळून द्यायची. कचेरी सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तिने तो हातात घेतला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. काड्या सरळ. स्क्रू जागचा हललेला नाही. काचेवर एक फराटा नाही.

हा मास्क घालतच नव्हता.

पुरावा हातात आल्याशिवाय बोलेल ती फौजदारीण कसली! दोन दिवस तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. संध्याकाळी तो घरात शिरताना मास्क तोंडावर असायचा, पण त्याची घडी कडक, सकाळी इस्त्री करून दिली होती तशीच. डबा संपलेला. बुटांना लाल माती. कचेरी तर चौथ्या मजल्यावर, फरशीच फरशी. मग लाल माती कुठली? तिला आता साथीची भीती मागे पडल्यासारखी झाली आणि दुसरीच काहीतरी भीती पोटात शिरली. हा जातो तरी कुठे, आणि कुणाकडे?

बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने दुकानाच्या फोनवरून त्याच्या कचेरीत फोन लावला. तिकडच्या बाईने नाव ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते गेले की सोडून. आता दोन आठवडे होतील. आपण कोण?"

"चष्म्याच्या दुकानातून बोलतेय," ती म्हणाली. "चष्मा तयार आहे त्यांचा."

फोन ठेवल्यावर तिला बसावंच लागलं. मालकांनी पाणी आणून दिलं, घरी जा म्हणाले. ती गेली नाही. घरी जाऊन भिंतींशी भांडायचं का?

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला आला. बूट काढले, कोपरापर्यंत हात धुतले, आणि म्हणाला, "आज फार काम होतं."

"कसलं?"

"नेहमीचंच. नकाशे."

"कचेरीत फोन केला होता मी."

तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. टॉवेल समोरच होता, पण त्याने घेतला नाही.

"कोण आहे ती?" तिने विचारलं. विचारताना तिचा आवाज फाटला, त्याचाही तिला राग आला.

"कोण ती?" त्याला खरंच कळेना. मग कळलं, आणि तो मटकन खुर्चीत बसला. "अगं, कोणी नाही. शाळेचं मैदान आहे ना बंद पडलेलं, तिथे बसतो. पायऱ्यांवर. तिथे कुणीच नसतं. म्हणून तर बसतो."

"दिवसभर?"

"डबा असतो ना." तो खाली बघत बोलत होता. "कचेरीत एका खोलीत अकरा जण, खिडकी उघडत नाही. पहिल्याच दिवशी शेजारचा खोकला. मी साहेबांना म्हटलं, घरून काम करू द्या. ते नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी नोकरी सोडली. तू म्हणाली होतीस, तोंड बघणार नाही."

तिला हसावं की रडावं कळेना. चोर पकडायला निघाली होती, आणि चोराने चोरी केली होती ती हिच्याच धाकाने. हा पायऱ्यांवर एकटा डबा खात होता आणि ही रोज तीस माणसांच्या श्वासात वाकत होती. आणि आता एक तारखेला ती सुट्टी कशी घेणार? घरात एकच पगार उरला होता, तोही तिचा.

"मी घरी बसणार होते रे," ती म्हणाली. "आता कशी बसू?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं असंच असतं, नाकाच्या पलीकडचं दिसत नाही. तिला त्याला बदडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याचा इतका कळवळा आला की ती उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"पण साहेब नाही कशासाठी म्हणाले? त्यांची सूनही तुमच्याच कचेरीत, तिला तर घरून काम करू देतात. कारण काय सांगितलंस तू?"

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

"काय सांगितलंस?"

"काहीच नाही. घरगुती अडचण म्हटलं."

"अरे, पण का?"

"मागच्या वेळी पेढेवाल्यासारखा सगळ्या कचेरीला सांगत सुटलो होतो," तो म्हणाला. "मग एकेका टेबलापाशी जाऊन परत सांगावं लागलं. अकरा वेळा. या वेळी म्हटलं, बाळ हातात येईपर्यंत कुणाला बोलायचंच नाही."

हे अकरा वेळा तिला माहीत नव्हतं. त्या दिवसांत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि हा रोज वेळेवर कचेरीला जातो, म्हणजे याला काही वाटलंच नाही, असा तिने तेव्हाच निकाल देऊन टाकला होता.

तिने त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. "लाव साहेबांना. खरं कारण सांग आणि घरून काम माग."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने नंबर लावला. तिकडून 'बोला' असं ऐकू आलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, तिच्या पोटाकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "आम्हाला बाळ होणार आहे."