बेलाखालची लाईन

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मला हसूच येतं... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला गंमत वाटतेय.

आमचं घर सेलूत. मागच्या अंगणात बेल आहे, सासऱ्यांनी - अप्पांनी - लावलेला. लिंगपूजेचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, म्हणून ते रोज बेलाला घालायचे. अप्पा गेल्यावर ते काम सासूबाईंनी घेतलं. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो.

या उन्हाळ्यात संडास-बाथरूमचं पाणी तुंबायला लागलं. लाईन बेलाखालून गेलेली. प्लंबर म्हणाला, "लय जुनी हाय साहेब, कुठं फुटली कळंना. सगळीच नवी टाका. पण झाड काढावं लागंल." आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. अव्वा नुसत्या बुंध्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला गलबलून आलं. पण घाण पाणी घरात येत असताना झाडाची बाजू घेणार तरी कशी?

दुपारी हे आणि प्लंबर पुढच्या फाटकाशी खोदकामाचं बोलत होते. मी आणि अव्वा बाथरूममधलं पाणी उपसत होतो. तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला... टक, टक. लोखंडावर काठी आपटावी तसा. अव्वांनी झटकन भरली बादली उचलली आणि भडाभड ओतली!

"अव्वा, अहो आधीच तुंबलंय!"

"अगं, त्यांनी ठोकलं की सोडायचं असतंय."

अप्पांना ऐकू कमी यायचं. लाईन तुंबली की ते बाहेर चेंबरच्या झाकणावर काठीनं ठोकायचे आणि अव्वा आतून पाणी सोडायच्या - ही दोघांची रीत मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

धावत मागे गेले. कुणीच नाही. पुन्हा टक, टक... भिंतीलगतच्या फरशीखालून!

ह्यांना हाका मारल्या. ते येईपर्यंत आवाज थांबलेला. मी हट्टच धरला, तेव्हा तेवढी फरशी उचकटली... खाली चेंबर! अप्पांच्या माघारी अंगणात फरशी बसवली, तेव्हा गवंड्यानं ते खुशाल झाकून टाकलं होतं. तिथलाच जोड फुटून आत मुळं शिरलेली. बाकी लाईन धड निघाली. तेवढाच तुकडा बदलला आणि बेल राहिला.

"पाईपातली हवा असंल, ताई," प्लंबर म्हणाला. असेलही. पण हवेचा आवाज काठीसारखा कसा येईल?

संध्याकाळी अव्वांना विचारलं, "तुम्ही बाहेर येऊन बघितलं का नाही?"

"मी कशाला येऊ? बाहेरचं ते बघायलेत की. माजं काम आत."